आंधळी कोठी

चिंचसावळीच्या ओढ्यापलीकडे महादेवाचं एक देऊळ आहे. केवळगिरी महाराज तिथे राहायला आले ते कुणाला न सांगता, न विचारता. सकाळी पुजारी दिवा लावायला गेला तर ओवरीत एक गोसावी बसलेले आणि सगळं देऊळ झाडून लख्ख केलेलं. पुजाऱ्याने विचारलं, "महाराज, मुक्काम किती दिवस?" महाराज म्हणाले, "झाडण्यासारखं काही उरलं नाही की जाईन." पुजारी हसला. भोळा बिचारा! त्याला वाटलं, महाराज देवळाच्या अंगणाविषयी बोलताहेत.

महाराजांनी गावात फारसे चमत्कार केले नाहीत. कुणी अंगारा मागायला आलं की ते आधी विचारत, "सकाळी काही खाल्लंस का?" नाही म्हटलं की अंगाऱ्याऐवजी भाकरी हातावर पडे. त्यांनी एक कोठी मात्र बांधून घेतली. देवळाच्या मागे, कुडाच्या भिंती, वरून शेणामातीचा गिलावा आणि कडब्याचं छप्पर. खिडकी नाही, झरोका नाही. दार लावलं की आपलाच हात आपल्याला दिसू नये असा अंधार. आत डाव्या बाजूला जोंधळ्याची मोठी कणगी, उजव्या बाजूला डाळीचे आणि मिठाचे रांजण. माप मुद्दामच ठेवलेलं नव्हतं. गाव तिला आंधळी कोठी म्हणू लागलं.

कोठीचा नेम असा होता. दर सोमवारी दुपारी गावातल्या प्रत्येक घरातून एकाने पाटी घेऊन यायचं. पाटीवर फडकं झाकलेलं हवं. एकेकाने आत जायचं, दार लावून घ्यायचं. ज्याच्या घरी आहे त्याने घालायचं, ज्याच्या घरी नाही त्याने घ्यायचं आणि पाटी पुन्हा झाकून बाहेर यायचं. महाराज दाराशीच बसत, पण दाराकडे पाठ करून. जमीनदार असो की मजूर, रांग एकच. आत कुणी काय केलं ते ज्याचं त्याला ठाऊक आणि महादेवाला ठाऊक. भक्तहो, दान देणारे जगात पुष्कळ झाले. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून स्वतः पाठ फिरवून बसणारे आमचे महाराजच!

या रांगेत सगुणा नावाची एक बाई येत असे. तिचा नवरा सखाहरी साळी. त्याच्या हातच्या लुगड्याचा काठ आसपासच्या गावांत नावाजलेला होता. पण आदल्या श्रावणात त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. धोटा फेकणारा हातच लुळा पडला आणि माग बंद झाला. घरात दोन लहान मुली. सगुणेने लोकांची निंदणी-खुरपणी केली, दळणं दळली, पण मजुरी रोज मिळत नाही आणि भूक तर रोज लागते. शेवटी नवराबायकोने ठरवलं की माग मोडायचा, त्याचं लाकूड विकायचं आणि शहर गाठायचं. तिथे जाऊन काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

आता, गावात अडल्यानडल्याला दान मिळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. अमृतराव देशमुख दर अमावस्येला आपल्या गढीच्या चौकात धान्य वाटत. वाजंत्री लावून वाटत. कारभारी एकेकाचं नाव मोठ्याने पुकारी, त्याने पुढे येऊन पदर पसरायचा आणि धान्य पडलं की 'देशमुखांचा जयजयकार' म्हणायचं. माणूस वाईट नव्हता हो. दिलेलं दिसलं पाहिजे, एवढीच त्याची हौस होती. सगुणा एकदा त्या चौकात उभी राहिली होती. तिच्या पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "आता ही पण का?" ते शब्द दुसरीला होते, पण सगुणेचे पाय आपोआप मागे वळले. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

अशा वेळी कोठी सुरू झाली. पहिल्या सोमवारी सगुणा रिकाम्या पाटीवर फडकं टाकून रांगेत उभी राहिली. रिकामी पाटी डोक्यावर नीट बसेना, वाऱ्याने हलू लागली. मागे पारूबाई तेलीण उभी होती. पारूबाईची जीभ गावात सगळ्यांच्या परिचयाची. ती म्हणाली, "सगुणे, पाटी लई हलकी दिसतीय गं."

बोलणारी बोलून गेली, पण सगुणेच्या काळजात ते रुतून बसलं. पुढच्या सोमवारी तिने एक शहाणपणा केला. अडचणीतल्या माणसाला जो शहाणपणा सुचतो तोच. ओढ्यातले चार दगड पाटीत घातले, वर फडकं झाकलं आणि देणाऱ्याच्या तोऱ्यात, ओझ्याने मान जराशी वाकवून चालत आली. आत गेल्यावर दगड कणगीमागे ठेवले, जोंधळे भरले आणि बाहेर आली. घरी भाकरी थापताना, मुलींना वाढताना एकच विचार, की दगड कुणाच्या पायाला लागले तर? ओढ्यातले दगड म्हणजे काही नाव कोरलेले नव्हेत, पण भ्यालेल्या मनाला हे कोण सांगणार?

त्यानंतरच्या सोमवारी तिने अंधारात कणगीमागे हात घातला. तिचे दगड तिथे नव्हते. चाचपडत ती कोपऱ्यापर्यंत गेली तर तिथे दगड होते, पण ते तिचे नव्हते. मोठे, खडबडीत, डोंगरातले. म्हणजे पाटीत दगड घालून आणणारं आणखीही कुणी होतं! सगुणा अंधारात तशीच बसून राहिली. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि बाहेरच्या रांगेची आठवण होऊन ती घाईने उठली.

त्याच दिवशी कोठी बंद करताना महाराज सगळ्यांना म्हणाले, "पिंपळाला पार बांधायचा आहे. पुढच्या सोमवारपासून प्रत्येकाने पाटीत चार दगड घालून आणायचे आणि आत कोपऱ्यात टाकायचे. देशमुखांच्या घरची पाटी असो की कुणाची. कुणी विसरायचं नाही."

गावाने मान डोलावली. सगुणा मात्र जागच्या जागी थिजली. आता प्रत्येक पाटी येताना जड असणार आणि कुणाची पाटी कुणाला हलकी दिसणार नाही. महाराजांनी तिची लाज सगळ्या गावात वाटून टाकली होती. पण म्हणजे महाराजांना ठाऊक होतं! त्यांनी पाठ केली होती, तरी ठाऊक होतं. तिच्या जिवाची तगमग कमी व्हायची ती वाढलीच. मंगळवारी वाटे, महाराज काय म्हणत असतील. बुधवारी वाटे, आणखी कुणाला कळलं असेल. शनिवार उजाडला की पाटीकडे पाहवत नसे, आणि घरातलं पीठ मात्र नेमकं शनिवारीच संपे.

संपायचंच. कारण सगुणा लाजेने थोडंच घेई. स्वतः अर्धपोटी राही. एका सोमवारी महाराज कुणाकडेही न बघता म्हणाले, "घ्यायचं असेल त्याने पुरेसं घ्या रे. अर्ध्या पोटी काम होत नाही. कामं झाली नाहीत तर ही कोठी मला जन्मभर चालवावी लागेल, आणि मी मुळात आळशी माणूस आहे." रांगेत हशा पिकला. सगुणा हसली नाही. पण त्या दिवशी तिने पाटी पहिल्यांदा काठोकाठ भरली.

पोटात अन्न गेलं की माणसाला दोन दिवसांपलीकडचं दिसायला लागतं. लाकूड विकायचं राहिलं. एका सकाळी सगुणा सखाहरीला म्हणाली, "तुमचा हात गेला, पण तोंड तर शाबूत हाय. मला शिकवा."

"बाईमाणसानं मागावर बसायचं?" सखाहरी म्हणाला.

"मग काय, मागावर कोंबड्या बसवायच्या?"

ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली आणि सखाहरी काठावर. पहिले दिवस फार वाईट गेले. दोरा तुटे, धोटा खाली पडे, सखाहरी ओरडे, ती रडे. "ओढू नकोस. त्यो आपण होऊन येतो. नुसती वाट दाखव त्याला," तो पुन्हापुन्हा सांगे. हळूहळू हात बसला. पंचे झाले, मग साधी लुगडी झाली. आणि एक दिवस चक्क गढीवरून सूत आलं. देशमुखांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मानपानाची लुगडी हवी होती आणि देशमुखीणबाईंना काठ सखाहरीच्याच घरचा हवा होता. ती लुगडी पुरी झाली की आसपासच्या गावांतली लग्नं सगुणेच्या दाराशी येणार होती. पाटी घेऊन रांगेत उभं राहायचे दिवस संपणार होते.

इथेच गोष्ट अडकली. कारण तोवर अमृतरावांच्या चौकातली गर्दी पार आटली होती. मागच्या अमावस्येला तर वाजंत्री वाजली, धान्याची पोती मांडली गेली आणि घ्यायला एकही माणूस आला नाही. वाजंत्रीवाले वाजवून दमले. अमृतराव ओट्यावर बसून राहिले, मग ताडकन उठून चावडीवर गेले. तिथे दहा माणसांत म्हणाले, "त्या गोसाव्याची कोठी म्हणजे चोरांची सोय आहे. अंधारात देणारा कोण आणि घेणारा कोण? घेणारेच सगळे! आणि ऐकून ठेवा, त्या फुकटच्या धान्यावर जगणाऱ्याच्या हातचं काम माझ्या घरात येणार नाही. ज्याचं कळेल त्याचं निम्मं झालेलं काम काढून घेईन."

ते ऐकून सखाहरी घरी आला तेव्हा सगुणा मागावरच होती. त्याने सगळं सांगितलं. तिचा हात थांबला. मागावर शेवटून दुसरं लुगडं होतं.

"आता कोठीला जाऊ नगंस," सखाहरी म्हणाला.

"आणि खायचं काय? लुगडी पुरी हुईस्तवर?"

बयोने, धाकटीने, आतून विचारलं, "आई, भाकरी कधी?" आणि तो प्रश्न सुटला.

त्या सोमवारी सगुणेची अवस्था काय सांगावी! पाटी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. ओढ्यापर्यंत गेली आणि माघारी वळली. दाराशी येऊन पुन्हा निघाली. वाटेत प्रत्येक माणूस आपल्याकडेच बघतोय असं वाटे. "आजच्या दिवस," ती मनाशी म्हणत होती. "महादेवा, आजच्या दिवस झाकून घे." रांगेत उभी राहिली तरी पाय एका जागी ठरेनात. पारूबाईने दोनदा विचारलं, "अगं, मुंग्या चावतात का काय?"

तिची पाळी आली. ती आत गेली, दार लोटलं. कोपऱ्यात दगड टाकले, गुडघे टेकून कणगीत दोन्ही हात घातले. पाटी अर्धी भरली असेल नसेल, बाहेर गलका ऐकू आला. मग एक आवाज, सगळ्या गावाने ओळखावा असा.

"बाजूला व्हा. आज मला बघायचंय, आत काय चालतं ते."

अमृतराव आले होते. भरदुपारी हातात पेटता पलिता घेऊन. रांगेतली माणसं मागे सरली. महाराज दाराकडे पाठ करूनच बसले होते. ते म्हणाले, "अमृतराव, आत माणूस आहे. बाहेर येईपर्यंत थांबा."

"कोण आहे तेच तर पाहायचंय."

"मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नये."

"गोसावी, गाव माझं आहे. मी पाहणार."

महाराज शांतपणे म्हणाले, "पाहा. पाहता आलं तर पाहा."

आत सगुणेने हे सगळं ऐकलं. लपायला जागा नव्हती. कणगीआड शिरावं तर पाटी उघड्यावर राहणार, आणि पाटी तिचीच आहे हे साऱ्या रांगेने पाहिलेलं. तिच्या डोळ्यांपुढे मागावरचं निम्मं लुगडं आलं. गड्याने येऊन ते सुताच्या धाग्यासकट कापून नेलेलं तिला दिसलं, सखाहरीचं तोंड दिसलं, मुली दिसल्या. धाडकन दार उघडलं आणि कोठीत उजेड पसरला.

त्या कोठीत कधी उजेड पडला नव्हता. सगुणेने इतक्या महिन्यांत जे हाताने ओळखलं होतं ते डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. आणि समोर, हातभर अंतरावर, अमृतराव. तिचे हात कणगीत, पाटीत जोंधळे, फडकं बाजूला पडलेलं. अमृतरावांनी पलिता वर धरला आणि थेट तिच्या तोंडाकडे पाहिलं.

तिने डोळे मिटून घेतले. काहीच घडलं नाही. तिने डोळे उघडले. अमृतरावांची नजर तिच्यावरून सरकली, भिंतीकडे गेली, परत आली.

"विझला कसा हा?" ते पुटपुटले. "आत्ता तर पेटवला होता."

पलिता ढणढणत होता. त्याची धग सगुणेच्या गालाला लागत होती.

अमृतरावांनी दुसरा हात पुढे केला आणि हवेत चाचपडला. तो हात तिच्या खांद्याला लागता लागता राहिला. "कोण आहे आत? अरे, काही दिसत का नाही?" त्यांचा आवाज फाटला. त्यांनी वळायचा प्रयत्न केला, पाय कोपऱ्यातल्या दगडांना अडखळला, पलिता कलंडला. पेटलेल्या तेलाचे थेंब खाली सांडलेल्या कोंड्यावर पडले.

दार उघडं होतं. सगुणेने पाटी उचलून दोन पावलं टाकली असती तर सुटली असती. तिला पाहिलंच नव्हतं त्यांनी! ती उठलीही. पण कोंड्याने पेट घेतला होता, आणि एक थेंब कणगीच्या कुडाला लागून धुमसत होता. वर कडब्याचं छप्पर. ही कोठी पेटली तर ते डोंगरातले खडबडीत दगड आणणारं जे कुणी होतं, त्याच्या पोरांनी काय खायचं? आणि हा समोरचा माणूस, गर्विष्ठ असला तरी आंधळा झालेला, इथे भाजून मरायचा.

तिने पायाने कोंडा तुडवून विझवला. कणगीवरची ठिणगी मुठीत चुरगाळली. अमृतरावांच्या हातातून पलिता काढून घेतला आणि जमिनीच्या मातीत डोकं खाली करून दाबला. आता दारातून येणारा उजेड तेवढा उरला. मग तिने त्यांचा हात धरला.

अमृतरावांनी तो हात असा घट्ट पकडला की तिच्या भाजलेल्या तळव्यातून कळ गेली. "कोण आहे? माझे डोळे गेले रे. मला सोडू नका."

सगुणा बोलली नाही. कमी पडलेलं सूत घ्यायला ती मध्यंतरी गढीवर गेली होती, तिचा आवाज त्यांनी ऐकला होता. तिने पावलापावलाने त्यांना दगड चुकवून नेलं. उंबऱ्याशी आल्यावर आपला पाय त्यावर दोनदा आपटला, म्हणजे त्यांना कळावं. बाहेर आणलं, महाराजांच्या पाठीशी उभं केलं आणि हात सोडवून घेतला. सारी रांग बघत होती. आणि ही बाई काय करते? पुन्हा आत गेली! पाटी उरलेली भरली, फडकं झाकलं, डोक्यावर घेतली आणि बाहेर येऊन इतरांच्यात उभी राहिली. घरी दोन तोंडं वाट बघत होती, भक्तहो. पाटी टाकून कशी जाणार?

उन्हात उभे असलेले अमृतराव अंधारात उभे होते. हात पुढे करून ते म्हणाले, "मला बाहेर कुणी आणलं? पुढे या. माझ्या हातातलं सोन्याचं कडं देतो त्याला."

रांगेतल्या माणसांनी डोक्यावरच्या पाट्या सावरल्या.

"सांगा ना कुणीतरी. तुम्ही पाहिलंय सगळ्यांनी. पारूबाई, तुझा आवाज मघाशी ऐकला मी. कोण होतं?"

सगळ्यांच्या माना पारूबाईकडे वळल्या. पारूबाईने पदर तोंडाशी नेला, खाकरली आणि म्हणाली, "देशमुख, माझी नजर अलीकडं लई अधू झालीय." जन्मात पहिल्यांदा त्या बाईने माहीत असलेली गोष्ट पोटात ठेवली. हाही महाराजांचाच चमत्कार म्हणायला हरकत नाही.

अमृतरावांनी आपल्या गड्याला हाक मारली. गडी म्हणाला, "मालक, मी तिकडं बघत होतो." त्याची बायको त्याच रांगेत पाटी घेऊन उभी होती.

अमृतराव मटकन खाली बसले. महाराज तेव्हा वळले. वळून त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "नाव कशाला हवंय, अमृतराव?"

"उपकार फेडायला नको? नाव कळल्याशिवाय फेडू कसा? कुणापुढे मान वाकवायची ते तरी कळू दे."

"आणि नाव कळलं की चारचौघांत पुकाराल. कडं देताना वाजंत्री वाजेल." महाराजांच्या आवाजात राग नव्हता. "ज्याने तुमचा हात धरला त्याला ते नको असेल तर? तुमच्या चौकात जे उभे राहिले त्यांनाही नको होतं. त्यांना भाकरी हवी होती आणि मान ताठ हवी होती. तुम्ही एक देऊन दुसरी काढून घेत होता. बाबा, भाकरीने पोट भरतं, पण घर उभं राहायला मानही लागते. मान गेली की माणूस गाव सोडतो."

अमृतरावांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ज्या हाताने त्यांना ओढून काढलं त्या हाताला तोंड नव्हतं, नाव नव्हतं, काही मागणं नव्हतं. असं काही आपल्या हातून आयुष्यात घडलं नाही, हे त्या माणसाला अंधारात बसल्यावर कळलं. शेवटी ते हळूच म्हणाले, "नको महाराज. नाव नको. त्या माणसाला सुखात राहू दे. माझे डोळे राहिले नाहीत तरी चालेल."

महाराजांनी आपल्या अंगावरच्या भगव्या छाटीच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले, लहान मुलाचे पुसावेत तसे. "हं, आता बघा."

अमृतरावांनी डोळे उघडले. आधी ऊन दिसलं, मग पिंपळ, मग अर्धा झालेला पार, आणि मग डोक्यावर झाकल्या पाट्या घेऊन उभी असलेली माणसं. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. सगळ्या पाट्या सारख्या, सगळी फडकी सारखी.

त्या लुगड्यांचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव तिकडेच लागून राहील. सगुणेचा तळवा बरा व्हायला वेळ लागला, पण लुगडी लग्नाआधी गढीवर पोचली. काठ असा उतरला होता की व्याह्यांकडच्या बायकांनी साळ्याचं घर विचारून घेतलं. सखाहरीचा माग पुन्हा बंद पडला नाही. सगुणा त्यानंतरही दर सोमवारी कोठीवर यायची, आणि आत काय करायची ते विचारायचं नाही असा नेमच आहे.

पण त्या दुपारी यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिला दिसत होते ते अमृतराव, डोक्यावरचा रुमाल काढून रांगेकडे येणारे. ते पहिल्या माणसापुढे थांबले, वाकले, त्याच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "तुम्ही असाल." मग दुसऱ्यापुढे. "तुम्ही असाल." म्हातारा रामोशी बावरून मागे सरला तर त्याच्यापुढेही तितकेच वाकले. पारूबाईपुढे वाकले. आपल्याच गड्याच्या बायकोपुढे वाकले तेव्हा ती रडू लागली. सगुणेने भाजलेला हात पदराखाली लपवला. तिला पळून जावंसं वाटत होतं. तिने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी नुसते डोळे मिटून उघडले.

अमृतराव तिच्यापुढे आले. कोंडा जळल्याचा वास तिच्या लुगड्याला येत होता. त्यांच्या हाताला तेलाचा तोच वास होता. ते क्षणभर थांबले. की तिला तसं वाटलं? मग वाकले, इतरांपुढे वाकले तेवढेच, ना कमी ना जास्त. "तुम्ही असाल," म्हणाले आणि पुढे गेले.

सगुणेचे पाय त्या दिवसात पहिल्यांदा जमिनीवर ठरले.

रांग संपवून अमृतराव महाराजांपाशी आले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्यापुढे कशाला? मी तर बाहेर बसलो होतो."

तरी अमृतरावांनी डोकं टेकलंच. महाराज हसले, आसन सरकवून पुन्हा दाराकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "चला, पुढचं कोण आहे?"